वर्गाखाली भरलेला मुरूम

मी त्या शाळेची मुख्याध्यापिका झाले तेव्हा आमचे दोन वर्ग देवळाच्या सभामंडपात बसायचे. गाव कराडपासून जवळच. आसपास कारखाने उभे राहिले होते, भाड्याच्या खोल्यांतून नवी बिऱ्हाडं येत होती आणि शाळेचा पट दर जूनला वाढत होता. मंडपात कुणाचं लग्न असलं की त्या दोन वर्गांना सुट्टी. पत्र्याची शेड सहज मिळाली असती, पण आधीच्या शाळेत मी एप्रिल महिना पत्र्याखाली काढला होता. ते पुन्हा नको होतं.

मग एका संस्थेने लाकडी वर्ग देऊ केले. लाकूड लागवडीतलं, भिंती, जमीन, छप्पर यांचे भाग कारखान्यात तयार होणार आणि इथे फक्त बोल्टांनी जोडायचे. पट वाढला की शेजारी आणखी एक खोली जोडता येणार. हे समजावायला आलेली इंजिनिअर मुलगी विश्रामबागची, तिशीही न गाठलेली.

शाळा समितीचे अध्यक्ष फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. ते तिला म्हणाले, "लाकडाची शाळा म्हंजे वाळवीला जेवणाचं आवतान. आमी न्हाई असलं काय बघितलेलं."

"काका, वाळवी आणि ओल दोन्ही जमिनीतून येतात," ती म्हणाली. "आपण शाळा जमिनीला टेकवतच नाही. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभी करतोय, खाली हातभर पोकळी. ती तेवढी उघडी ठेवा, वारं खेळू द्या."

क्रेन आली, ट्रेलर आले आणि दिवाळीच्या सुट्टीत चार खोल्या उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी मुलं भिंतींना नाक लावून वास घेत होती. खोलीत आवाज घुमत नव्हता. कित्येक वर्षांनी मी न ओरडता शिकवलं.

उन्हाळ्यात त्या पोकळीतून धामण निघाली. धामण बिनविषारी, पण मुलांच्या किंकाळ्या गावभर गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी आया जमल्या. "उद्या नाग निघाला तर काय करणार बाई तुमी?" मी इंजिनिअर मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बारीक जाळी पाठवते. पंधरा दिवस द्या. पण काहीही झालं तरी बुजवू नका."

मला पंधरा दिवस धीर धरवला नाही. ट्रॅक्टर सांगितला, मुरूम टाकून घेतला आणि चारही बाजूंनी विटा लावून पोकळी बंद केली. आया खूश झाल्या. मुलीचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, "सोय केलीय, काळजी करू नका." तिची जाळी आली, ती मी ऑफिसच्या कपाटामागे उभी करून ठेवली.

पावसाळा गेला. गणपतीच्या सुट्टीनंतर तिसरीचा वर्ग उघडला तर कोपऱ्यात कुबट वास. फळी पायाखाली दबत होती. मी त्यावर सतरंजी टाकली. दुरुस्तीचं पत्र लिहू असं ठरवलं आणि लिहिलं नाही, कारण त्यात कारण लिहावं लागलं असतं.

आठवड्याभरात तिसरीतल्या एका मुलीचा पाय त्या फळीतून गुडघ्यापर्यंत खाली गेला. लाकडाची ढलपी पोटरीत घुसली. कराडच्या दवाखान्यात टाके घालताना तिने माझा हात धरला होता.

सभा भरली. इंजिनिअर मुलीलाही बोलावलं होतं. सुभेदार म्हणाले, "मी तवाच बोललो हुतो." सगळे लाकडाला आणि त्या इंजिनिअर मुलीला बोल लावत होते. नेमके त्याच दिवशी कवठे महांकाळकडचे चारजण आमची शाळा बघायला आले होते. तिची पुढची शाळा त्यांच्या गावात व्हायची होती. ती उभी राहिली. खिडकीतून तिला वर्गाखालच्या विटांच्या फटींतून सांडलेला मुरूम दिसत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपट उघडून त्यात बघत राहिले. कवठे महांकाळची माणसं चहासुद्धा न घेता गेली.

तिसऱ्या दिवशी मी जखमी मुलीच्या खोलीवर गेले. ती म्हणाली, "बाई, फळी मऊ झालीया हे आमाला ठावं हुतं. सतरंजीवर उड्या मारून बघायचो आमी."

"मग सांगितलं का नाहीस गं मला?"

"सतरंजी तुमीच टाकली हुती न्हवं? मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी समिती बोलावली आणि सगळं सांगितलं: फोन, मुरूम, जाळी, सतरंजी. दुपारी सुभेदार टिकाव-फावडं घेऊन आले. विटा काढल्या, मुरूम ओढला आणि त्या वयात पालथे पडून खाली सरपटत गेले. बाहेर आले ते चिखलाने माखून.

"मधलं लाकूड खणखणीत हाय. कडंचं तेवढं गेलंय," ते म्हणाले. मग हात पुसत खालच्या आवाजात, "सापाची बोंब आमीच मारली हुती. पर त्या पोरीला सभेत एकटं पाडायचं न्हवतं बाई तुमी."

खराब फळ्या बदलायला दोन कारागीर आले आणि एका दिवसात काम उरकून गेले. इंजिनिअर मुलगी आली नाही. मी कवठे महांकाळला पत्र लिहिलं, फोनही केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. त्यांची पत्र्याची शेड तोवर उभी राहिली होती. मग मी तिला फोन लावला. माफी मागितली.

"मला मुरूम दिसला होता, बाई," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल म्हणून मी थांबले होते."

तिने फोन ठेवला.

जूनमध्ये जखमी झालेल्या मुलीची आई दाखला न्यायला आली. शाळा सोडण्याच्या कारणापुढे मी 'पालकांची विनंती' असं लिहिलं आणि सही केली. दाखल्याची घडी घालत ती म्हणाली, "शाळा चांगली हाय, बाई. माझी काय तक्रार न्हाई. पर पोरगी आता कुठंबी गेली तरी खाली बघत चालती."