आईचा व्हिडिओ गेम आणि दादाचा प्रोजेक्ट

जुन्या वस्तू महाग झाल्या तेव्हापासून माझ्या दादाला लहानपण आठवायला लागलं. त्याआधी कित्येक वर्षं त्याला अंबरनाथचं नाव घ्यायचीही लाज वाटायची. ऑफिसात कोणी कुठे राहता विचारलं की हा 'कल्याणच्या पुढे' म्हणून मोकळा व्हायचा. आता तो बदलापूरला कात्रपमध्ये राहतो, म्हणजे कल्याणच्या आणखीच पुढे, पण टॉवरमध्ये राहतो, त्यामुळे पत्ता न विचारताच सांगतो.

त्याचा एक ग्रुप आहे. सगळे त्याच्याच वयाचे, आयटीतले, पोटं सुटलेले. एकमेकांना जुन्या व्हिडिओ गेमचे फोटो पाठवतात आणि खाली रडके चेहरे टाकतात. 'ती फुंकर आठवते का रे,' असं दर आठवड्याला कोणीतरी विचारतं आणि बाकीच्यांना दर आठवड्याला ती नव्याने आठवते. गेम लागला नाही की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, ती ही फुंकर. तिने काही होत नसे, फक्त थुंकी आत जायची.

आम्ही दोघं भावंडं तासन् तास एकत्र खेळायचो, असंही दादाने त्या ग्रुपवर लिहिलं होतं. मला कौतुकाने वाचून दाखवलं. खेळायचा तो. मी दुसरा रिमोट हातात धरून शेजारी बसायचे. त्याचा गडी मेला की माझी पाळी, असा करार होता, आणि त्याचा गडी नेमका मरायला टेकला की आईची भांडी विसळायला हाक यायची. हे मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुला सगळ्यातलं वाईटच आठवतं. मला जे झालं ते आठवतं, त्याला मी काय करू?

तर या ग्रुपातल्या एकाने नवाकोरा कन्सोल विकत घेतला, त्याचं कवच फोडलं आणि आतलं मशीन जुन्या व्हिडिओ गेमच्या डब्यात बसवलं. बाहेरून लहानपणीचा गेम, आतून आजचं मशीन. त्यात इम्युलेटर घालायचा, म्हणजे नव्या मशीनला जुन्याचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम. मग हजारो जुने गेम त्यावर चालतात. ते पाहिल्यापासून दादाला चैन पडेना. मी म्हटलं, नवं मशीन जुने गेम चालवतंच आहे ना, मग त्याच्याच डब्यात चालवू दे की. तो म्हणाला, तुला फील कळणार नाही. मला काय काय कळणार नाही याची यादी त्याच्याकडे फार जुनी आहे.

पहिला डबा त्याने उल्हासनगरहून आणला. मला तिथल्या कॅम्प दोनमध्ये पडद्यांचं कापड घ्यायचं होतं म्हणून मी बरोबर होते. जुन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शेठने आधी नवा पीस काढून दाखवला. हो, नवा. तसाच पांढरा डबा, तशीच लाल बटणं, तेच गेम. आम्ही शाळेत होतो तेव्हापासून त्या बाजारात हा माल बनतोय आणि विकतोय, मध्ये एक दिवस बंद पडलेला नाही. "सेम टू सेम है, चालू है, ले जाओ," शेठ म्हणाला. दादा म्हणाला, नहीं, पुराना चाहिए, बंद हो तो भी चलेगा, अंदर का कुछ नहीं चाहिए. शेठने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी मान फिरवली. मग त्याने माळ्यावरून एक धुळीने भरलेला मेलेला पीस काढला आणि त्याची किंमत जिवंत पीसपेक्षा जास्त लावली. त्याच्या जागी मी असते तर मीही लावली असती.

डबा पिवळा पडला होता. जुनं प्लास्टिक पिवळं पडतं, माणसाचे दात पिवळे होतात तसं, त्यात काही विशेष नाही. पण ग्रुपवर त्याला उपाय होता. पार्लरमध्ये केसांना लावतात ते ब्लीचचं क्रीम दादाने डब्याला थापलं, वहिनीच्या स्वयंपाकघरातली प्लास्टिकची फिल्म वर गुंडाळली आणि टॉवरच्या गच्चीवर शेजारच्या काकूंच्या कुरडयांशेजारी उन्हात ठेवला. तासातासाला फिरवायला वर जायचा. ऑफिसच्या मीटिंगा चालू असताना जायचा. संध्याकाळी डबा बाहेर आला तेव्हा कुठे पांढरा, कुठे पिवळा, मध्ये ओघळ आले होते. भोक पाडायला ड्रिल लावलं आणि डब्याचे दोन तुकडे झाले. काकूंनी कुरडया टाकून दिल्या, असं वहिनीने मला नंतर सांगितलं.

मग त्याची नजर आईच्या डब्यावर गेली.

आई माझ्याकडे असते, म्हणजे मी तिच्याकडे असते, शिवमंदिराकडच्या आमच्या जुन्या घरात. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. एका दिवाळीत त्यांनी कॅम्प दोनमधून आमच्यासाठी व्हिडिओ गेम आणला. आम्ही मोठे झालो, नोकऱ्यांना लागलो, गेम माळ्यावर गेला. बाबा रिटायर झाल्यावर त्यांनीच तो खाली काढला, आणि दुपारी जेवणं झाली की ती दोघं खेळत बसायची. एकच गेम, रणगाड्यांचा. खाली मधोमध विटांच्या चौकटीत एक पक्षी असतो, वरून शत्रूचे रणगाडे येतात, त्यांना पक्ष्यापर्यंत पोचू द्यायचं नाही. बाबा गेले तेव्हा मला वाटलं गेम परत माळ्यावर जाईल. आईने तो तिथेच ठेवला. दुपारी घर खायला उठतं, असं ती एकदाच म्हणाली आणि मग कधी म्हणाली नाही, कारण दुपारी ती खेळते. मी ऑफिसला असते. देवळातल्या तिच्या मैत्रिणींना वाटतं ती झोपते. तेवढी एक गोष्ट त्या घरात फक्त तिची आहे.

दादाने तिला फार गोड बोलून पटवलं. आई, तुझा गेम आता म्हातारा झालाय, कधीही डोळे मिटेल, मी आत नवीन मशीन बसवून देतो, तुझी जन्माची काळजी मिटली. मी म्हटलं, चालू वस्तूला हात लावू नकोस. माझ्या बोलण्याला कटकट म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. आईने एवढंच विचारलं, "माझा रणगाड्यांचा राहील ना?"

"आई, दहा हजार गेम असतील."

"दहा हजार मला काय करायचेत? तो राहील का सांग."

त्याने गळ्याची शपथ घेतली. स्वतःच्या.

डबा कात्रपला गेला. त्या रविवारी आईने अळूवड्या देऊन मला मुद्दाम तिकडे धाडलं. वड्यांचं निमित्त होतं, गेमला काय करतोय ते बघून ये, हे खरं काम होतं. दादाने डायनिंग टेबलावर पांढरं कापड अंथरलं होतं, कपाळाला डोंगर चढणारे लावतात तो दिवा, समोर मोबाइल स्टँडवर, सगळं रेकॉर्ड होत होतं. स्क्रू काढले, झाकण उचललं. आत जवळजवळ काहीच नव्हतं. एका कोपऱ्यात बिस्किटाएवढा हिरवा बोर्ड, त्यावर डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका, आणि तळाला दोन स्क्रूंनी बसवलेली लोखंडाची एक जाड पट्टी. बाकी हवा.

दादा हसत सुटला. "बघ, हा उल्हासनगरचा माल! डबा हलका लागू नये म्हणून लोखंड भरलंय. बाबांना गंडवलं." लगेच फोटो ग्रुपवर गेला, खाली हसरे चेहरे पडायला लागले. मलाही ते पटलं. उल्हासनगरच्या मालाबद्दल कोणी काहीही सांगावं, अंबरनाथ-बदलापूरची माणसं विश्वास ठेवतात. तिथलेच पडदे लावतात, तिथल्याच साड्या नेसतात आणि विश्वास ठेवतात. पट्टी मी हातात घेऊन पाहिली. चारही कडा गुळगुळीत घासलेल्या होत्या. मी ती टेबलावर ठेवली आणि दादाने ती तुटक्या डब्याबरोबर सोसायटीच्या भंगारात टाकली.

पुढचं सगळं मला फोटोंतून कळत राहिलं. नव्या मशीनचा बोर्ड डब्यात बसेना, कारण आत स्क्रूसाठी प्लास्टिकचे खांब होते. ते त्याने सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने वितळवून कापले. घरभर अशी घाण सुटली की वहिनी चार दिवस माहेरी गेली. मग बोर्ड बसला पण तो गार ठेवणारा पंखा मावेना, म्हणून डब्याला खालून भोक. जुने रिमोट मात्र त्याने वायरसकट ठेवले, मध्ये एक छोटं सर्किट घालून नव्या मशीनला जोडले. वायरशिवाय फील येत नाही म्हणे. ज्या माणसाने आतलं सगळं फेकून दिलं तो वायरीच्या फीलबद्दल बोलत होता.

आई रोज फोनवर एकच विचारायची, झाला का. मग दादा माझ्या मोबाइलवर फोटो पाठवायचा, आणि ती चष्मा लावून त्या नव्या बोर्डाकडे डॉक्टरकडचा एक्स-रे बघावा तशी बघायची. संध्याकाळी मी घरी यायचे तेव्हा कपाटातले धुतलेले, घडी केलेले कपडे बाहेर काढून तिने परत घड्या घातलेल्या असायच्या. एकदा तर ती बंद टीव्हीसमोर नुसती बसली होती. मी दादाला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, परफेक्शनला वेळ लागतो. मी फोन ठेवला, कारण पुढचं जे तोंडात आलं होतं ते आईसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

शेवटी एका रविवारी दुपारी तो आला. डबा चमकदार कागदात गुंडाळलेला, हातात मोबाइल, रेकॉर्डिंग चालू. आईला कागद फाडायला लावला. दिसायला तोच डबा, खरं सांगायचं तर जरा स्वच्छच. टीव्हीखालच्या टेबलावर ठेवून जोडला. आधी कंपनीचं चिन्ह आलं, मग संगीत, मग रंगीबेरंगी मेनू, मग गेमची न संपणारी यादी. त्यात रणगाड्यांचा शोधायला दादाला स्वतःलाच बराच वेळ लागला. आई हातात रिमोट धरून वाट बघत होती. मिळाला एकदाचा. तोच आवाज, तीच विटांची चौकट, तोच पक्षी. आईचा चेहरा खुलला, हे मी कबूल करते.

आई खेळते ती अंगाने खेळते. रणगाडा डावीकडे वळवायचा असला की रिमोट दोन्ही हातांनी डावीकडे ओढते, स्वतःही निम्मी डावीकडे जाते. पहिला टप्पा तिने काढला. दुसऱ्यात एक रणगाडा पक्ष्याच्या अगदी जवळ आला, आईने जोरात वळण घेतलं आणि डबा टेबलावरून घसरून फरशीवर आपटला. टीव्ही काळा झाला. दादाने धावत जाऊन डबा उचलला, कानाशी हलवून पाहिला, परत जोडला. परत चिन्ह, संगीत, मेनू, यादी. आई परत पहिल्यापासून खेळायला लागली. डबा परत पडला.

"आई, ओढू नकोस ना जरा. नवं मशीन आहे, हलकं असतं."

"इतकी वर्षं ओढतेय. कधी पडला नाही तो."

दादा हसला. मग त्याने तिला ती गंमत सांगितली, दुकानदाराने वजनासाठी आत लोखंड कसं भरलं होतं, बाबा कसे फसले, ग्रुपवर सगळे किती हसले. मोबाइलमधला फोटोही दाखवला. आईने मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला.

"ही कुठाय आता?"

"टाकली. भंगार होतं, आई."

"दुकानदाराने नव्हती घातली," आई म्हणाली. "तू ओढायचास. माझ्यासारखाच. दोनदा पाडलास हा टेबलावरून, आणि दोन्ही वेळा तूच रडलास. मग तुझ्या बाबांनी कारखान्यात पट्टी कापली, पोरांच्या हाताला लागायला नको म्हणून कडा घासल्या, आणि तुम्ही शाळेत असताना आतून बसवली. मला म्हणाले, त्याला ओरडायला नको. खेळू दे."

दादाने रेकॉर्डिंग बंद केलं. मग तो भराभर बोलायला लागला. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावू, खाली रबर लावू, तशीच पट्टी ऑनलाइन मिळेल. मिळेल, पण बसवायची कुठे, मी विचारलं. आत आता पंखा आहे. त्याने डबा उलटा करून बघितला, जसं काही जागा शोधून सापडणार होती. सोसायटीचं भंगार केव्हाच गेलं होतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

आईने चष्मा पुसला, परत लावला, रिमोट उचलला.

"धरून बस," ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. तिने टेबलाकडे मान हलवली. मग तो खाली बसला, इस्त्रीच्या पॅन्टीत, फरशीवर, टीव्हीच्या बाजूला, आणि दोन्ही तळवे त्या डब्यावर दाबून धरले. आईने खेळ सुरू केला. नेहमीसारखी ओढत, वळत, निम्मी डावीकडे जात. प्रत्येक ओढीला दादाचे हात थोडे पुढे येत होते आणि तो ते मागे घेत होता. खिशात मोबाइल थरथरत होता, ग्रुपवर बहुतेक व्हिडिओची वाट बघत असतील. त्याने हात काढला नाही. आईनेही घाई केली नाही. पहिला टप्पा, दुसरा, तिसरा, बाबांबरोबर जेवढे व्हायचे तेवढे सगळे तिने काढले. दादा टीव्हीकडे बघत नव्हता, डब्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे लाल झाले होते.

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मी आत जाऊन चहा टाकला आणि दोनच कप भरले. त्याचे हात मोकळे नव्हते.