आवाजांची कार्डं

बी.कॉम. झाल्यावर मला मिळालेलं पहिलं काम म्हणजे एका माणसाला जे जे ठाऊक होतं, ते सगळं कार्डांवर उतरवून घेणं. नेमणुकीच्या पत्रात त्याला ‘माहिती व्यवस्थापन प्रशिक्षणार्थी’ असं भारदस्त नाव होतं. ते पत्र मी गावी नेऊन दाखवलं तेव्हा आईने आधी ते देवासमोर ठेवलं आणि मग विचारलं, “म्हणजे करायचा काय?” मला नीट सांगता आलं नाही.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. रत्नागिरीत, मिरकरवाड्याहून वर येणाऱ्या रस्त्याला एका कंपनीचा डेपो होता. मासेमारीच्या नौकांना लागणाऱ्या इंजिनांचे सुटे भाग तिथे मिळत. कंपनीने निरनिराळ्या डेपोंसाठी चार पदवीधर निवडले होते. मुंबईहून एक प्रशिक्षक आले आणि आठवडाभर त्यांनी आम्हाला शिकवलं. कार्डाचा मथळा कसा निवडायचा, एका कार्डावरून दुसऱ्याचा हवाला कसा द्यायचा, ज्याने ती वस्तू कधी पाहिलेली नाही त्यालाही ती सापडेल असं कसं लिहायचं. इतक्या मन लावून मला आधी कोणी शिकवलं नव्हतं. त्यांचं ऋण मी आजही मानतो. “माणूस जातो, कार्ड राहतं,” असं ते म्हणत, आणि ते मी वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहून ठेवलं होतं.

आमच्या डेपोचे स्टोअरकीपर ऑगस्टअखेर निवृत्त होणार होते. तोपर्यंत सगळ्या खणांची कार्डं पूर्ण झाली तर मी कायम होणार होतो, नाहीतर परत गावी जाणार होतो. माझ्या पाठचे दोन भाऊ तेव्हा शाळेत होते. तिसरं काही होण्यासारखं नव्हतं.

स्टोअरकीपरना सगळे काका म्हणत. डेपोत भिंतभर लाकडी खण होते. त्यांच्यावर ना नंबर, ना चिठ्ठी. नौका किनाऱ्याला ओढलेल्या असत त्या पावसाळ्याच्या दिवसांत गिऱ्हाईकं येत आणि काउंटरला टेकून उभी राहत. काका भागाचं नाव कधीच विचारत नसत.

“मशीन कसा बोलतो?”

“गरम होतो नि थांबतो, काका.”

“थांबतो ते कळला. बोलतो कसा?”

मग तो खलाशी मान तिरकी करून तोंडाने आवाज काढी. “खुळ्ळ… खुळ्ळ… टक्.”

“आधी टक् की आधी खुळ्ळ?”

“आधी टक्.”

“मग नीट सांग ना मेल्या! तुझ्या टक् नि खुळ्ळमध्ये मी पंपाच्या जागी नोझल दिला असता.”

मागचा कोणीतरी म्हणे, “हा झोपेत पण असाच घोरतो, काका. ह्यालाच नवीन नोझल बसवा.”

काका हसत हसत मागे जात. हात बरोबर खणात जाई. एकदाही चुकलेला मी पाहिला नाही.

तर मला हे आवाज लिहायचे होते. मी एकेक खण उघडायचा, भाग काकांच्या हातात द्यायचा आणि विचारायचं. ते मला ‘बीकॉम’ म्हणत. “लिही, बीकॉम. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. पण काठी बारीक.” मी लिहायचो. पावसाच्या दमटपणामुळे शाई पसरायची. कार्डं मी दिव्याखाली वाळत घालायचो.

पंधरा-वीस दिवसांनी एका खलाशाने आवाज काढला आणि काका जागेवरच थांबले. आवाज तोच, ओल्या पोत्यावरच्या काठीचा. त्यांनी त्याला पुन्हा काढायला लावला. तिसऱ्यांदा लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बीकॉम, बघ रे जरा तुझ्या कार्डात.” मी कार्ड काढलं, भाग दिला. वय झालंय, मला वाटलं.

पण पुढच्या आठवड्यात माझ्या ध्यानात आलं की ते सगळंच विसरत नव्हते. जे खण मी अजून उघडलेच नव्हते तिथे त्यांचा हात पूर्वीसारखाच सरळ जाई. लिहून झालेल्या खणांपुढे मात्र ते परक्या घरात उभं राहावं तसे उभे राहत. मी मुद्दाम पडताळून पाहिलं. सकाळी एका खणाचं कार्ड केलं आणि दुपारी त्यातलाच भाग त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, नाकाशी धरला.

“कशाचा हा?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “काका, आपण थांबूया.”

त्यांनी तो भाग माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, “कावीळ उतरवणारे पाला सांगत नाहीत, माहिती आहे ना? सांगितला की गुण जातो. पहिलं कार्ड केलं त्याच दिवशी मला कळला होता.”

“मग सांगितलात कशाला?”

“नोकरी तुझी आहे की माझी? मी ऑगस्टात चाललो. लिही.”

मी लिहीत राहिलो. डॉक्टर म्हणाले असते, वयाचा विस्मरणाचा आजार आहे. तसंही असेल. पण आजार खण मोजून पुढे सरकतो, हे मी कुठे वाचलेलं नाही.

श्रावण लागला. नारळी पौर्णिमेआधी गिऱ्हाइकांची झुंबड असते. आता आवाज ऐकून भाग मीच काढून देत होतो, बहुतेक वेळा कार्ड न पाहता. काका स्टुलावर बसून खलाशांच्या तोंडाकडे पाहत. त्यांना ऐकू येत होतं, फक्त त्यातून काही कळत नव्हतं.

शेवटी एक खण उरला. त्यातला भाग एका जुन्या, बंद पडलेल्या बनावटीच्या इंजिनाचा होता. तसं इंजिन बुरोंडीच्या एकाच म्हाताऱ्याकडे शिल्लक होतं. मी तो खण उघडायला गेलो तेव्हा काकांनी माझं मनगट धरलं.

“हा एक माझ्याकडे राहू दे, बीकॉम. घरी जाताना काहीतरी असू दे माझ्याजवळ.”

मी म्हटलं, “हो, काका.” मनापासून म्हटलं होतं.

दोन दिवसांनी बुरोंडीचा तो म्हातारा आला. त्याने आवाज काढला, रिकाम्या घागरीत खडा फिरवावा तसा. काकांचा चेहरा उजळला. महिन्याभरात ते असे उठले नव्हते. खण उघडला, भाग काढला, तो कसा बसवायचा ते म्हाताऱ्याला बोट लावून दाखवलं. मी शेजारीच उभा होतो. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी फक्त पाहिलं आणि ऐकलं.

त्याच दुपारी टपालाने पत्र आलं. प्रशिक्षक उद्या तपासणीला येत होते. एकही खण कोरा दिसता कामा नये, असं त्यात होतं. काका जेवायला घरी गेले होते. मी कार्ड घेतलं आणि लिहिलं. पाच ओळी झाल्या. काकांनी सांगितलेलं नाही, मग ह्यात त्यांचं काय जाणार, असं मी स्वतःला समजावलं. शाई वाळल्यावर कार्ड जागेवर लावलं. काका जेवून आले तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

सकाळी प्रशिक्षक आले. त्यांनी खण आणि कार्डं एकास एक लावून पाहिली. शेवटचं कार्ड मोठ्याने वाचलं आणि माझा हात हातात घेतला. “तू कायम झालास असं समज,” ते म्हणाले. माझे डोळे भरून आले. मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

उठलो तेव्हा काका आलेले दिसले. ते आत आले नव्हते. काउंटरच्या बाहेर, गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे होते, हातातली छत्री गळत होती. त्यांची पाळी आल्यावर ते काउंटरला टेकले.

“साहेब, जरा बघता का?” ते म्हणाले, आणि मान तिरकी करून त्यांनी आवाज काढला. रिकाम्या घागरीत खडा.

रांगेतले दोघे-तिघे हसले. “काय काका, नव्या माणसाची परीक्षा घेता?” काका हसले नाहीत. त्यांच्याजवळ नुसता आवाज राहिला होता.

मी मागे गेलो. हात बरोबर खणात गेला. भाग त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो तोलून पाहिला.

“हा कुठे बसतो?”

मी बोट लावून दाखवलं. कोणती बाजू वर, किती आवळायचं, सगळं. ते लक्ष देऊन ऐकत होते, मध्येमध्ये मान हलवत होते.

“छान समजावता हो,” ते म्हणाले. “कोणी शिकवला तुम्हाला?”

“तुम्हीच, काका,” मी म्हटलं.

मी कोणाशी बोलतोय ते पाहायला त्यांनी मागे वळून पाहिलं.