घरकुलवाल्यांनो, उभं राहा

“हौसिंग बोर्डवाले आले, की आधी दारातल्या चपला जातील, मग झाडं,” सोसायटीच्या सेक्रेटरीबाई तमिळमधून म्हणाल्या. हॉलभर हशा पिकला. हॉल माझा. सगळ्यांत आधी हसले, ती मी.

सेल्वी कॉफीचा ट्रे घेऊन तिथंच उभी होती. चार वर्षं माझ्याकडे भांडी घासत होती. राहायची कालव्याकाठी, पत्र्याच्या खोलीत. आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या जागेवर सरकार गरिबांसाठी घरं बांधणार होतं. तिथं राहायला येणारे, ते ‘हौसिंग बोर्डवाले’. यादीत तिचं नाव होतं. इथं घरं झाली नाहीत, तर तिला चेन्नईबाहेर नेऊन टाकणार, हेही मला ठाऊक होतं. आणि आम्ही जमलो होतो ‘हिरवळ वाचवा’ अर्जावर सह्या करायला.

हिरवळ कसली डोंबलाची! वेडी बाभूळ. सोलापुरात तिचे काटे पायात मोडून घेत मी आईबरोबर सरपण तोडलंय. बाई तिला जंगल म्हणत होत्या. मी मान डोलावली. वर सही केली. गिंडीतल्या कंपनीतली इंजिनिअर ना मी, वळणदार सही.

मी घरकुलातली पोर. सरकारनं दिलेल्या दोन खोल्यांत वाढले. चौथीत कुणाचा तरी डबा हरवला. गुरुजी म्हणाले, “घरकुलवाल्यांनो, उभं राहा.” मी उभी राहिले. डब्याला हात लावला नव्हता, तरी मान खाली. तेव्हापासून प्रत्येक फॉर्मवर मावशीचा पत्ता लिहीत आले.

टेबल पुसताना सेल्वीनं अर्ज वाचला. “नींगळुमा, अक्का?” म्हणाली. तुम्हीसुद्धा? एवढंच. दुसऱ्या दिवसापासून ती कामाला आली नाही. मला माझी लाज वाटली. आजही वाटते.

जनसुनावणीला पुढची रांग आमच्या सोसायटीची. सेल्वी मागे, भिंतीला टेकून. अधिकाऱ्यानं आमचा अर्ज वाचला आणि मान वर न करता म्हणाला, “हौसिंग बोर्डवाले कोण आलेत? उभे राहा.”

गुरुजींचेच शब्द, फक्त तमिळमधून. मी उभी राहिले.

सेक्रेटरीबाईंनी माझी ओढणी खेचली. अधिकारी हसला. “मॅडम, तुम्ही नाही.”

“मीच. सरकारी घरात वाढलेय. माझी सही खोडा. मधली बाभूळ काढा, कडेची करंजाची झाडं ठेवा, घरं इथंच बांधा.”

मागं वळून पाहिलं. सेल्वी माझ्याकडे बघत नव्हती. का बघावं तिनं?

“मॅडम, बसा.”

नाही बसणार.