बोगनवेलीचे काटे

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुला सांगतेय — का, ते विचारू नकोस.

माझी धाकटी जाऊ, केतकी. इथे अमेरिकेत, सनीव्हेलला आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहते. तिच्या डोहाळजेवणाला पुरणपोळ्या मी लाटल्या, क्लबहाउस मी सजवलं. ओटी भरायला पुढे झाले तर म्हणाली, "ताई, तुम्ही राहू द्या हं." सगळ्यांसमोर! माझं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं ना — म्हणून. नारळ हातात तसाच. तळपायाची आग मस्तकात गेली. वर मी हसले.

मग काय केलं? सिनेमा दाखवला. हो, नुसता सिनेमा! ऑफिसातल्या कंबोडियन मैत्रिणीने सांगितलेला, त्यांच्याकडच्या 'आप' नावाच्या भुताचा. दिवसा चारचौघींसारखी बाई. अंधार पडला की मुंडकं धडापासून सुटतं आणि आतडी लोंबवत, तरंगत बाळंतिणीच्या घरी बाळ खायला जातं. ते लोक घराभोवती काटे लावतात, आतडी अडकावीत म्हणून. केतकीला म्हटलं, लव्हस्टोरी आहे, ये दुपारी. ती "बंद करा ना, प्लीज" म्हणत होती आणि रिमोट — मी मांडीखाली दाबून बसले होते. वर सांगितलं, "जिचं मूल जातं ना, तीच आप होते." सिनेमात असलं काही नव्हतं. ते माझ्या मनचं.

तिला मुलगी झाली. सासूबाईंबरोबर बघायला गेले, तर पाळण्याभोवती बोगनवेलीच्या काटेरी फांद्या! "ताईंनीच सिनेमा दाखवला, त्यांनीच सांगितलं," केतकी रडायला लागली. दीर माझ्याकडे वळला. "वहिनी, खरं का?"

"कसला सिनेमा?" मी म्हटलं. "हिला बरं दिसत नाहीये रे."

सासूबाईंनी फांद्या ओढून फेकल्या, बाळ उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. केतकी किंचाळत होती. दिराने तिला धरून ठेवलं होतं. मी तिच्याकडे बघत बाळाच्या जावळावरून हात फिरवला — आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं.

पुढे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं घरात सगळे अजून धरून चालतात. पोर आता शाळेत जाते. तिला एकट्या केतकीवर सोडत नाहीत, म्हणून शाळेतून मी आणते. केतकी दारात उभी राहून बघते. बोलली तरी कोण ऐकणार?

मी एक वाक्य बोलले असते तर ती सुटली असती. बोलले नाही. उद्या शाळा सुटली की मीच जाणार आहे.