आबांच्या सिनेमाचं आवतण

माझ्या भावाच्या सिनेमात आमचे आबा नुसते चालतात. म्हैस हरवली म्हणून घरातून निघतात आणि चालतच राहतात. बांधावरून, नदीच्या कोरड्या पात्रातून, हायवेच्या कडेनं. मी शूटिंगच्या वेळीच भावाला म्हणलं होतं, "अरे, गाणं न्हाई, फायटिंग न्हाई, नुसतं म्हातारं चालायलंय. कोन बघंल रे हे?" तो हसला. "आक्का, तू तिकिटं फाड. सिनेमाचं मी बघतो."

मी लाल गाडीवर कंडक्टर आहे, बीड डेपोला. गाव आमचं चौसाळ्याच्या अलीकडं. भाऊ माझ्याहून बराच धाकटा. पुण्यात शिकला, तिथलेच मित्र घेऊन आला आणि गावातच सिनेमा काढला. नट परवडत नव्हता म्हणून आबांना उभं केलं. आबा जन्मभर गवंडी, पण कॅमेऱ्याला बुजले नाहीत. उलट त्या पोरांनाच दरडावायचे, "आता चालू का थांबू? ऊन उतरायच्या आत सांगा." माय सगळ्यांचं पिठलं-भाकरी करायची आणि चुलीपुढून ओरडायची, "अवो, जरा ताठ चाला, सगळी दुनिया बघणार हाय!"

दुनियेचं सोडा. सिनेमा पुरा व्हायच्या आतच आबा गेले. छातीत कळ आली, बीडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेव्हापासून मायचं एकच. तिला आबांना चालताना बघायचं होतं. भावानं एकदा लॅपटॉप पुढं धरला तर तिनं तोंडच फिरवलं. "एवढुशा पेटीत न्हाई. बीडला टॉकीजमदी लागू दे. मोठ्या पडद्यावर, आपल्या सगळ्या माणसांत बसून बघीन. एकटीनं बघायची गोष्ट हाय का ती?" भाऊ म्हणाला, "लावतो, माय." बोलून तर गेला, पण ते एक वाक्य पुढं त्याच्या गळ्यात धोंड होऊन बसलं.

मोठमोठ्या शहरांत महोत्सव असतात, तिथं सिनेमा गेला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, काचेचं बक्षीस मिळालं, ते आमच्या टीव्हीवर ठेवलंय. विकत मात्र कुणी घेईना. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीच्या साहेबानं बघून डोळे पुसले म्हणे, आणि वर म्हणाला, सुंदर आहे, पण यात चेहरा नाही. माझं डोकंच सणकलं. माझ्या बापाला चेहरा न्हाई? भाऊ म्हणाला, "आक्का, चेहरा म्हंजे लोकांच्या ओळखीचा नट." मग त्यानं मला सगळं शांतपणे समजावून सांगितलं. मोठ्या कंपनीचा सिनेमा पडद्यावर यायच्या आधीच टीव्हीला न् मोबाईलला विकलेला असतो. वर त्यांचा एक आपटला तरी मागं दुसरे तयार असतात. ज्याच्या दावणीला शेळ्याच शेळ्या, त्याची एखादी मेली तर तो जेवून झोपतो. आमची एकच शेळी होती.

शेवटी लई हातापाया पडून बीडच्या एका टॉकीजमध्ये दुपारी बाराचा एक खेळ मिळाला. त्याच शुक्रवारी मोठ्या कंपनीचाही सिनेमा लागणार होता. बाकीचे सगळे खेळ त्याचे. त्याची गाणी महिनाभर आधीपासून वरातीत वाजत होती. माझ्या गाडीत लोक तिकीट घेताना त्यातले डायलॉग मारायचे, सिनेमा लागायच्या आधीच! आमची पोस्टरं मी आणि भावानं स्वतः खळ लावून स्टँडच्या भिंतीवर चिकटवली. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आले तर आबांच्या अंगावर त्या हिरोची उघडी छाती. कडेला आबांची काठी तेवढी राहिली होती.

शुक्रवारी मी रजा टाकून गेले. माय आली नाही. "गाव येईल त्या गाडीत येते," म्हणाली. आत आम्ही बोटावर मोजण्याइतके, त्यात एक जोडपं नुसतं कोपरा शोधत आलेलं. पण आबा आले पडद्यावर. त्यांच्या टाचेच्या भेगा माझ्या डोक्याएवढ्या दिसत होत्या. खोकले तेव्हा अख्खी टॉकीज खोकली. मी पदर तोंडात कोंबून रडले. मला वाटलं, मायनं हे बघितलंच पाहिजे, काय वाट्टेल ते होवो.

पण गावातलं एक माणूस आलं नव्हतं. ज्या गावानं शूटिंगला बैल दिले, खाटा दिल्या, गर्दीत उभं राहायला पोरीबाळींना धाडलं, त्या गावातलं एक नाही! बाहेर येऊन मी चुलत्यांना फोन लावला. म्हणलं, "काका, कावून आला न्हाईत कुणीच?"

ते फुगलेल्या आवाजात म्हणाले, "आवतण कुठं आलं?"

"ग्रुपवर टाकलतं की त्यानं!"

"मोबाईलात आवतण असतंय व्हय गं? घरी कुणी आलं? दारात कुणी उभं ऱ्हायलं? आमच्याच भावाचा सिनेमा, न् आमीच बिनबोलावता जावं?"

मी कपाळावर हात मारला. भावाला सांगितलं तर तो माझ्यावरच उखडला. "सिनेमा हाय का लग्न? त्या मोठ्या सिनेमाचं कुणी आवतण दिलतं यांना?" दिलं नव्हतं, खरंच. पण तो सिनेमा कुणाचाच नव्हता, म्हणून कुणीही उठून जात होतं. आमचा घरचा होता, म्हणून सगळे रुसून दारात बसले होते. हे भावाला पुण्यात कुणी शिकवलं नाही आणि मलाही वेळेवर सुचलं नाही. गावाचा राग आला, भावाचा त्याहून जास्त.

शनिवारी मायला घेऊन मी घरोघर फिरले. आबा गेल्यापासून माय कुणाच्या दारात गेली नव्हती. आधी विहाराकडची आमची आळी केली, मग वरची. प्रत्येक उंबऱ्याशी ती हात जोडून म्हणायची, "उद्या बाराला. यांचं बघायला या." वरच्या आळीतल्या पाटलाचा म्हातारा बाजेवरून उठून उभा राहिला. म्हणाला, "ह्या भिंती तुझ्या मालकानं उचलल्यात बाई. येणार न्हाई व्हय?" संध्याकाळपर्यंत दोन टेम्पो ठरले. मायनं पेटीतली पांढरी साडी काढून उशाखाली घडी घालून ठेवली. इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांनी बघितली.

रविवारी टेम्पो टॉकीजपुढं थांबले तेव्हा भाऊ तिकीटखिडकीशी मॅनेजरपुढं हात जोडून उभा होता. बाराचा खेळ काढला होता. तिथंही तो मोठा सिनेमा लावला होता.

मी मॅनेजरवर तुटून पडले. "एवढी माणसं आणलीत, दिसत न्हाई का? आमची गाडी तीन पाशिंजरांवरबी सुटती, न् तुम्हाला भरलेला खेळ नको?"

माणूस वाईट नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "ताई, शुक्रवार-शनिवारचा आकडा बघून वरून फोन आला. माझ्या हातात काही नाही. त्यांचा हा नाही चालवला तर ते पुढचा देत नाहीत. तुमच्या भावाकडं पुढच्या महिन्यात लावायला काय आहे?"

मी भावाकडं बघितलं.

माणसं उन्हात घुटमळली. नवी लुगडी नेसून आलेल्या बाया, इस्त्रीचे कपडे घातलेले गडी. मग चुलतेच घसा खाकरून म्हणाले, "आता एवढ्या लांब आलोच हाय तर..." मायच म्हणाली, "जावा. गाडीभाडं वाया कावून घालवता? बघा जावा." एकेक करून सगळे आत गेले. पाटलाचा म्हातारा तेवढा जरा थांबला, मायकडं बघितलं, आणि तोही गेला.

माय पायरीवर बसली, तिच्याशेजारी भाऊ, आणि मी उभी. आतून शिट्ट्या ऐकू येत होत्या. त्यातली एखादी आमच्याच गावातली असणार. भाऊ एकदा म्हणाला, "माय, मी परत लावतो." मायनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. परतीच्या वाटेवर टेम्पोत आधी सगळे सुतकात बसल्यागत गप्प होते. मांजरसुंबा घाट चढेपर्यंत कुणीतरी हिरोचा डायलॉग मारला, आणि मग हसू फुटलंच. मला भांडावंसं वाटलं. पण त्यांनी तिकीट काढून हसू विकत घेतलं होतं, त्यांना काय बोलणार?

तो सिनेमा पुन्हा कुठंच लागला नाही. भाऊ आता मुंबईत त्याच मोठ्या कंपनीत नोकरीला आहे, शूटिंगच्या गाड्यांचं बघतो. मागच्या उन्हाळ्यात घरी आला तेव्हा मायनं विचारलं, "आता न्हाई ना लागणार?" तो म्हणाला, "न्हाई माय." मग तिनंच हात पुढं केला. "आन मग तुझा तो मोबाईल."

ओसरीत बसून मी मोबाईल धरला. आबा घरातून निघाले, बांधावर आले, चालायला लागले. मायनं डोळे बारीक केले. मोबाईल माझ्या हातातून घेऊन जवळ धरला, लांब धरला, परत जवळ. आबा बोटाच्या पेराएवढे होते. ते नदीत उतरायच्या आतच तिनं मोबाईल मांडीवर पालथा घातला.

"एवढे ल्हान नव्हते गं ते," ती म्हणाली.