पिवळा कुर्ता घालून सोयाबीनमध्ये जाऊ नका

ताईचा फोन आला तेव्हा मी महाबळेश्वरची हॉटेलं बघत होते. "बुधवारी साहेब येऊन राहिले प्लॉट पाहाले. तू ये," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. आमची ताई विनंती वगैरे करत नाही. मी महाबळेश्वर बंद केलं आणि अमरावतीजवळच्या बडनेऱ्याचं तिकीट काढलं.

पुण्याहून जाताना खरं तर आधी अकोला लागतं आणि ताईचं गाव अकोल्यापलीकडे बार्शीटाकळीजवळ. पण सकाळी अमरावतीत दह्यातला गिला वडा खाल्ल्याशिवाय मला वऱ्हाडात आल्यासारखं वाटत नाही. तिथून अकोल्याला एसटी, बायकांना अर्धं तिकीट. पुढे काळीपिवळी जीप, ती भरल्याशिवाय हलत नाही. पावसाळ्यात येणार असाल तर चांगले बूट घरी ठेवा, इथली काळी माती पायातून सुटत नाही.

भाऊजी शाळेत शिक्षक, त्यामुळे तीन एकर शेत ताईच बघते. यंदा तिनं सोयाबीनचा बियाण्याचा प्लॉट घेतला होता. म्हणजे तिच्या शेतातलं पीक पुढच्या वर्षी दुसऱ्यांनी पेरायचं. गावात बाईच्या नावानं असा प्लॉट पहिल्यांदाच. बियाणे खात्याच्या साहेबांच्या तपासणीत रोगट झाडं जास्त निघाली तर प्लॉट नापास, आणि मग ते सोयाबीन साधं म्हणून बाजारात.

सोमवारी दुपारी मी हौसेनं नवा पिवळा कुर्ता घालून शेतात गेले. दहा पावलांत कुर्त्यावर पीठ सांडल्यासारखं झालं.

"पांढरी माशी हाय," ताई म्हणाली. "पिवळं दिसलं का येऊन बसते."

तिनं तेलाच्या डब्यांचे पत्रे पिवळे रंगवून, वर एरंडेल फासून काठ्यांवर उभे केले होते. माशा त्यांना चिकटून मरत होत्या. मी त्यातलाच एक चालता पत्रा झाले होते. ताईनं एक पान उलटं करून दाखवलं. "अशी खालून बसते, सोंड खुपसून रस पिते. रोगी झाडाचा रस पिला का रोग तिच्यासंगं निंगला. मंग ज्या झाडावर बसन त्याले देऊन येते."

"आणि औषध?"

"माशीले हाय. झाडाले नाई. पिवळं पडलं थे उपटा लागते."

ती उपटत होतीच, तरी महिन्याभरापूर्वी नवी झाडं पिवळी पडत होती, आणि तीही मधल्या वाटेच्या दोन्ही अंगांनी. ताई दोन दिवस त्या वाटेवर नुसती उभी राहिली. निंदणाऱ्या बाया उपटलेलं गवत बकऱ्यांसाठी घरी नेतात, तो त्यांचा जुना हक्कच आहे. रोगट झाडंही त्याच भाऱ्यात जात होती. भारा डोक्यावर हलला की माशा उडून वाटेकडेच्या चांगल्या झाडांवर. रोग तिच्याच शेतातून तिच्याच डोळ्यांदेखत मिरवत निघाला होता. ताईनं सगळ्या बायांसमोर चूक आपली म्हणून कबूल केली आणि शेतातून भारे नेणं बंद केलं.

"मले तं रागच आला होता," बायांमधल्या थोरल्या सुमनबाई मला सांगत होत्या. "म्हनलं, आता बकऱ्याईनं काय खाव? मंग बाईनं आपल्या धुऱ्या-बांधावरचं सारं गवत आमाले देल्लं."

मंगळवारी सकाळी शेवटची फेरी. मी ताईचा जुना खाकी शर्ट घातला. दव असेपर्यंत माशी जड असते, तेवढ्यात झाडावर हळूच पोतं घालायचं, आतल्या आत उपटायचं आणि तिथंच तोंड बांधायचं. सुमनबाईंची गाठ अशी की वाराही बाहेर येऊ नये. मी तीन पोती बांधली, तिन्ही त्यांनी सोडून पुन्हा बांधली.

बुधवारी साहेब आले ते सरळ मधल्या वाटेनं. तिथंच दोन पिवळी झाडं निघाली.

"ही काल दिसली नाहीत, ताई?" साहेबांनी विचारलं.

"नाई साहेब. माह्या नजरेतून सुटली."

त्यांनी लिहून घेतलं, पूर्ण शेत फिरले, बांधलेल्या पोत्यांबद्दल विचारलं, "कळवतो" म्हणाले आणि गेले. त्या रात्री रोडगे आणि वांग्याची भाजी होती, पण ताई जेवली नाही.

तिचं मन रमावं म्हणून गुरुवारी तिला बाळापूरचा किल्ला बघायला नेलं. इतक्या जवळ राहून ती कधी गेली नव्हती. तटावरून नदी सुंदर दिसते, जरूर बघा. ताईनं मात्र खाली कुणाचं तरी सोयाबीन बघितलं आणि म्हणाली, "त्याचं बी पिवळं पडून राहिलं." उतरून त्या शेतकऱ्याला गाठून पोत्याची गोष्ट सांगितली, तेव्हाच ती गाडीत बसली.

पुण्यात परतल्यावर चौथ्या दिवशी ऑफिसात ताईचा फोन आला. शेत पास झालं होतं.

"साहेब म्हनतात, बाकीच्या प्लॉटवाल्याईले येऊन शिकवा."

"मग जाणार ना?"

"जातो ना. पन म्हनलं, पह्यले सुमनबाईले बोलवा. गाठ तिची हाय."

ताईचा इतका अभिमान मला आजवर कधी वाटला नव्हता, आणि इतकी वर्षं का वाटला नाही याची लाजही वाटली. फोन ठेवला आणि शेजारच्या टेबलावर हिशेबात बुडालेल्या माणसाला, त्यानं काही विचारलेलं नसताना, सांगितलं, "पुढच्या वर्षी लोक माझ्या बहिणीचं बियाणं पेरणार आहेत."