आसोलावच्या मांडवातली तलवार

शर्फुद्दीन सिकलीगराचं आयुष्य मेवाडच्या ठाकुरांच्या तलवारी घासण्यात आणि त्यांना मुठी बसवण्यात गेलं होतं. पण लग्नाच्या मांडवात तलवार पारखायला त्याला कधी कोणी बोलावलं नव्हतं.

आसोलावच्या ठाकूर अचळसिंहांची मुलगी हेमकुंवर तलवारीशी फेरे घेणार होती. नवरदेव पलटणीबरोबर मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, अडकला होता. रिवाजाप्रमाणे त्याच्या घरच्यांनी त्याच्या आजोबांची तलवार पाठवली होती. मात्र तिच्या मुठीवरचं सोनेरी नक्षीकाम कालच केल्यासारखं झळकत होतं. ते पाहून मुलीची आजी, माजीसा, बिथरली.

"जुनी सांगून नवी तलवार धाडणारे," ती पडद्याआडून म्हणाली, "उद्या नवरा सांगून कोणाला धाडतील?"

बाहेर बसलेल्या वऱ्हाड्यांना हे ऐकू जात होतं. शर्फुद्दीनने तलवार नवी म्हणावी, तर वरात माघारी जाणार आणि मुलीच्या नावाला बट्टा लागणार. जुनी म्हणावी आणि ते चुकलं, तर तिचा जन्मभराचा तळतळाट.

त्याने पात्यावरून बोट फिरवलं. मुठीजवळचा बोथट भाग रुंद होता. तिथून पुढे धार लावून लावून पातं चांगलंच झिजलं होतं. पण असं झिजवणं सहाणेवर मुद्दामही साधतं. अखेर ठाकुरांची परवानगी घेऊन त्याने मूठ निखाऱ्यांवर धरली. मुठीत भरलेली लाख वितळून मूठ सुटली. मुठीत दडणाऱ्या टोकावर, नव्या लाल लाखेखाली, जुन्या लाखेचा काळा थर दगडासारखा चिकटून बसला होता.

"मूठ नवी आहे, हुकूम," तो ठाकुरांना म्हणाला. "पातं शंभर वर्षांच्या आतलं नाही."

"त्यांच्याच घरचं?" ठाकुरांनी विचारलं.

"लोखंड वय सांगतं, हुकूम. मालक नाही सांगत."

पडद्याआडून हेमकुंवरचा आवाज आला. "ते कोणाचं, हे मिसरहून तरी कोण सांगायला येणार आहे? मूठ बसवा, उस्ताद."

हिलाच मेली घाई, असं माजीसा पुटपुटली. पण तिने अडवलं नाही.

मुहूर्त तोंडावर आला होता. शर्फुद्दीनने मूठ बसवली खरी, पण लाख पुरती थंड व्हायच्या आत तलवार नवरीच्या हाती गेली. होमाचा जाळ मोठा, त्यात पुरोहित तूप ओतत होता. शर्फुद्दीन खांबाशी उभा राहून मुठीवर डोळे लावून होता. तिसऱ्या फेऱ्याला पातं किंचित कललं. त्याला वेदीपाशी जाता येत नव्हतं, ओरडताही येत नव्हतं.

हेमकुंवरने खाली न बघता दुसरा हात पात्याच्या बोथट भागाला लावला, पातं घट्ट धरलं आणि चौथा फेरा चालू लागली.